सोयरसुतक

एखाद्या गोष्टीशी आपला काडीचाही संबंध नाही हे सांगताना मराठीत ‘त्याचे मला सोयरसुतक नाही’ असे म्हटले जाते, आणि बोलणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नसले तरी या वाक्प्रचारात नात्याची एक पुरती व्याख्या दडलेली आहे. सोयर म्हणजे घरात मूल जन्मल्यामुळे येणारे अशौच आणि सुतक म्हणजे घरचे माणूस गेल्यामुळे येणारे अशौच. संस्कृतात ‘सूतक’ हा शब्द मुळात जन्माच्या अशौचालाच लावला जाई, मराठीत तो मृत्यूकडे सरकला. अशौच म्हणजे ठरावीक दिवसांपुरती येणारी विधींची अपात्रता: त्या काळात देवपूजा होत नाही, मंगलकार्य होत नाही, त्या घरचे अन्न बाहेरचा माणूस घेत नाही. ज्याच्या जन्मामरणाने ही अपात्रता आपल्यावर येते तो आपला, आणि ज्याच्यामुळे येत नाही तो परका, इतका हा हिशेब सरळ आहे. माया, सहवास, उपकार यांपैकी कशाचीही नोंद त्यात नाही.

धर्मशास्त्राने हे वर्तुळ प्रामुख्याने सपिंडांपुरते, म्हणजे एकाच पिंडाचे भागीदार मानलेल्या, पित्याकडून सात पिढ्यांपर्यंतच्या भाऊबंदांपुरते आखले. बहुसंख्य माणसांच्या बाबतीत रक्ताचे वर्तुळ आणि जिव्हाळ्याचे वर्तुळ एकमेकांवर बऱ्यापैकी बसत असल्याने या आखणीतला पेच त्यांना कधी जाणवत नाही. परंतु ज्या व्यक्तीला तिच्या लिंगभावामुळे किंवा समलिंगी प्रेमामुळे जन्मघराने बाहेर काढले, जिने पुढची वीस-तीस वर्षे एखाद्या गुरूच्या डेऱ्यात, जोडीदाराच्या खोलीत किंवा मित्रमंडळींच्या आधाराने काढली, आणि जिचे औषधपाणी शेवटी परक्या रक्ताच्या माणसांनी केले, ती गेल्यावर सुतक कोणाला, हा प्रश्न खराखुरा उभा राहतो. तो भावनेचा आहे तसाच अधिकाराचाही आहे, आणि दक्षिण आशियातील क्वीअर व पारलिंगी समूहांच्या जीवनात त्याचे उत्तर शास्त्र, रूढी आणि कायदा या तिघांनी वेगवेगळे दिले आहे.

येथे शोक आणि अशौच यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. शोक मनात होतो आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही; अशौच मात्र समाजाने मान्य केलेले पद आहे, कारण सुतक पाळणाऱ्याला लोक भेटायला येतात, त्याच्या घरी पिठलेभात पोचवतात, त्याने कामावरून रजा घेतली तर कारण विचारत नाहीत. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाची संकल्पना मांडली की जे माणसाला होते, पण जे उघडपणे व्यक्त करण्याचा हक्क समाज त्याला देत नाही. डोका यांना त्यासाठी नवी संज्ञा घडवावी लागली. मराठीत तेच ‘दुःख आहे, पण सुतक नाही’ असे मोजक्या साध्या शब्दांनी सांगता येते. सोबत राहणारी व्यक्ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर हजर झालेला आणि ‘रूममेट वारला’ एवढेच सांगू शकलेला पुरुष या अवस्थेत असतो.

या दुःखाची दुसरी, अधिक विचित्र बाजू जन्मघराच्या दिशेने दिसते. आज मराठीत घटस्फोट म्हणजे विवाहविच्छेद, पण या शब्दाचा शास्त्रीय अर्थ वेगळाच आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आणि गौतम धर्मसूत्रात पतिताला, म्हणजे आचारभ्रष्ट ठरलेल्या माणसाला, तो जिवंत असतानाच मृतासारखे पाणी देण्याचा विधी सांगितला आहे: नातेवाइकांनी गावाबाहेर जमायचे, दासीने किंवा दासाने पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडायचा, आणि मग सपिंडांनी एक अहोरात्र अशौच पाळायचे. तेथून पुढे त्या माणसाशी बोलणे, त्याच्याशेजारी बसणे, त्याला वारसा देणे आणि त्याच्याशी लोकव्यवहार करणे बंद. म्हणजे ज्याचे सुतक आधीच पाळून झाले आहे असा माणूस पुढे अनेक वर्षे जगत राहतो. आज कोणी घडा लवंडत नाही, तरी ‘तू आम्हाला मेलास’ हे वाक्य घराघरांत उच्चारले जाते, आणि एखाद्या गोष्टीचा त्याग केला हे सांगण्यासाठी मराठी भाषा अजूनही ‘तिलांजली दिली’ असा मृतांच्या तर्पणातलाच शब्द वापरते. मनूने प्रायश्चित्तानंतर परतीचा मार्गही ठेवला आहे: पतित झालेल्याबरोबर नातेवाइकांनी पुण्यजलाशयात स्नान करायचे आणि नवा घडा पाण्यात टाकायचा. पण घरातून काढलेल्या पारलिंगी मुलाला प्रायश्चित्त कशाचे द्यायचे? तो जे आहे ते कृत्य नाही, त्याचे असणे आहे, आणि म्हणून परतीचा घडा त्याच्यासाठी सहसा भरलाच जात नाही.

या बहिष्कृतांनी उभारलेल्या नात्यांसाठी इंग्रजीतून आलेला ‘निवडलेले कुटुंब’ हा शब्दप्रयोग आता भारतातही रूढ होत आहे. केथ वेस्टन यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील समलिंगी स्त्रीपुरुषांच्या नात्यांवर १९९१ मध्ये लिहिलेल्या ग्रंथामुळे तो अभ्यासविश्वात स्थिरावला. दक्षिण आशियाच्या संदर्भात तो थोडा अंगाला सैल होतो, कारण निवड हा बाजारातला आणि मतदानातला व्यवहार आहे, तर येथे जे घडते त्याला मराठीत ‘मानणे’ म्हणतात. मानलेला भाऊ, मानलेली आई, मानसपुत्र या शब्दांत निवडीपेक्षा मान्यता आणि मान दोन्ही अधिक आहेत; आणि मानलेले नाते, एकदा मानले की, निवडीसारखे सहज बदलता येत नाही.

हिजडा समाजाची रचना हे या मानण्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत काटेकोर रूप होय. (शासकीय मराठीत ‘तृतीयपंथी’, अलीकडे ‘किन्नर’ असेही म्हणतात, समाजातील अनेक जण मात्र ‘हिजडा’ हाच शब्द अभिमानाने वापरतात.) नव्याने येणारी व्यक्ती गुरूच्या नावाने एखाद्या घराण्यात दाखल होते, तिच्या नावाची रीत होते, आणि त्या क्षणापासून तिला गुरू, गुरुभाई, दादगुरू, चेले आणि नातीचेले असा पूर्ण गोतावळा मिळतो. या उभ्या नात्यांबरोबर दूधबेटीसारखी आडवी, केवळ मायेची नातीही असतात. घराण्यांचे नायक असतात, पंचायत बसते, नियम मोडला तर दंड भरावा लागतो. गुरू गेल्यावर चेल्यांनी काय करायचे हेही ठरलेले असते: बांगड्या फोडायच्या, पांढरे वस्त्र नेसायचे, काही काळ शृंगार आणि बधाई मागणे बंद ठेवायचे, आणि अनेक ठिकाणी चाळिसाव्या दिवशी इतर घराण्यांना बोलावून जेवण घालायचे. हे आचरण पुत्राचे नाही, विधवेचे आहे. ज्यांना कोणी सौभाग्य दिले नाही त्यांनी वैधव्य मात्र पूर्ण विधिपूर्वक स्वीकारावे, ही गोष्ट वरवर विसंगत वाटते. पण कोण कोणाचे होते हे चारचौघांत सिद्ध करण्याचे याहून ठळक साधन त्यांच्या हाती नव्हते, हे लक्षात घेतले की विसंगती उरत नाही. येथे नाते आधी आणि सुतक नंतर असा क्रम राहत नाही. सुतक पाळले जाते, म्हणून नाते होते हे जगाला कळते.

बाहेरच्या समाजाने मात्र याच शोकाची एक विकृत प्रतिमा पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. हिजड्यांची प्रेतयात्रा मध्यरात्री निघते, प्रेत उभे नेतात, त्याला चपलांनी मारतात म्हणजे तो पुन्हा हिजडा जन्मत नाही, ही कथा महाराष्ट्रातही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली जाते, आणि ती सांगणाऱ्याने तसे काही प्रत्यक्ष पाहिलेले नसते. समाजातील व्यक्तींनी मुलाखतींतून आणि लेखनातून ती वारंवार खोडून काढली आहे. मृताच्या धर्माप्रमाणे दहन किंवा दफन होते, इतकी साधी ती गोष्ट आहे. अफवा टिकली याचे कारण तिच्या उपयोगात शोधावे लागते. आपले माणूस गेल्यावर ही माणसे रडत नाहीत, मारतात, असे एकदा मानले की त्यांना घरातून काढणाऱ्यांच्या मनाला टोचणी राहत नाही.

शास्त्राकडे परत गेले तर तेथे केवळ सपिंडांचीच वाट आहे असे दिसत नाही. मनुस्मृतीच्याच पाचव्या अध्यायात गुरूचा अंत्यविधी करणाऱ्या शिष्याला प्रेत वाहून नेणाऱ्यांप्रमाणे दहा रात्रींनी शुद्धी सांगितली आहे, आणि आचार्याच्या मृत्यूचे तीन रात्रींचे अशौचही सांगितले आहे. वारशाच्या प्रकरणात सपिंड आणि सकुल्य संपल्यावर आचार्य किंवा शिष्य यांचा हक्क येतो. याज्ञवल्क्य तर वानप्रस्थ, यती आणि ब्रह्मचारी यांच्या मागे राहिलेल्या वस्तूंचे वारस सांगताना आचार्य, सच्छिष्य आणि धर्मभ्राता यांची नावे घेतो. धर्मभ्राता म्हणजे त्याच गुरूखाली, त्याच आश्रमात राहिलेला मानलेला भाऊ. हिजड्यांतील ‘गुरुभाई’ याहून फार वेगळा नाही. नित्य तर्पणात तर नातेवाइकांची यादी संपल्यावर जे कोणाचेच बांधव नाहीत, किंवा दुसऱ्या कुठल्या जन्मी बांधव होते, त्यांनाही पाणी देण्याची सोय आहे.

तरीही त्याच मनूने आणि याज्ञवल्क्याने क्लीबाला, म्हणजे ज्याला त्यांच्या दृष्टीने पुरुषत्व नाही त्याला, पित्याच्या वारशातून वगळून फक्त अन्नवस्त्राचा अधिकारी ठरवले. शास्त्राच्या एका दाराने बाहेर घातलेल्या माणसाने संन्याशाच्या दुसऱ्या दाराने आत यावे, असाच हिजडा परंपरेचा प्रयत्न दिसतो. बहुचरा मातेच्या नावाने होणाऱ्या शस्त्रक्रियेला हा समाज ‘निर्वाण’ म्हणतो आणि ती पार केलेल्या व्यक्तीला पुनर्जन्म मिळाला असे मानतो. संन्यासीही दीक्षेच्या वेळी स्वतःचे श्राद्ध स्वतः उरकतो आणि त्याच्या मृत्यूचे सुतक जन्मघराला लागत नाही. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की संन्यासी घर सोडतो तेव्हा घरचे त्याच्या पाया पडतात.

मराठी संतपरंपरेला हा प्रश्न अनोळखी नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखामेळा आणि त्यांच्याबरोबरचे मजूर गाडले गेले तेव्हा पंढरपुराहून नामदेव गेले, ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी त्यांनी शोधून काढल्या आणि विठ्ठलाच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. हा प्रसंग १३३८ सालचा मानतात. शिंप्याच्या कुळातल्या माणसाला महाराच्या अस्थींचे सुतक कोणत्याही स्मृतीने सांगितले नव्हते. ज्ञानेश्वरांच्या समाधीवरील नामदेवांचे अभंग हे मराठीतले सर्वांत मोठे शोककाव्य, आणि तेही रक्ताच्या नात्याचे नाही. वारकऱ्यांच्या या बाजूकडे कीर्तनकारांनी जितके लक्ष दिले त्याच्या निम्मेही समाजशास्त्रज्ञांनी दिलेले नाही.

मानलेल्या नात्याला वारसा नाकारण्याचे काम आधुनिक राज्याने शास्त्रापेक्षा अधिक नेटाने केले. दख्खनमध्ये हिजड्यांना एतद्देशीय राज्यांकडून मिळालेले भिक्षेचे आणि जमिनीचे हक्क चेल्याकडे जाणे ही रूढी होती. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्याने एकोणिसाव्या शतकात तिला मान्यता नाकारली. उत्तरेत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने याहून पुढची पायरी गाठली. नोंदणी झालेल्या हिजड्याला अल्पवयीनाचा पालक होता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही आणि मूल दत्तक घेता येणार नाही, अशी चार कलमी बंदी त्यात होती. या चारही कलमांचा एकत्र विचार केला तर हेतू स्पष्ट होतो: त्या माणसाच्या मागे कोणीही राहू नये. एखाद्या समूहाला मारण्यापेक्षा त्याचे सुतक पाळणारे नाहीसे करणे हा राज्यकर्त्यांना अधिक सभ्य मार्ग वाटला असावा. पुढे १९९० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने इलियास विरुद्ध बादशाह या खटल्यात हिजड्यांची मालमत्ता गुरुचेल्यांच्या परंपरेतच राहते ही रूढी विचारात घेतली, ती या दीर्घ नकारानंतर.

कायदा ज्या शोकाला जागा देत नाही त्याला देवाने जागा द्यावी, अशी व्यवस्था या उपखंडात दोन ठिकाणी विशेष ठळकपणे दिसते. तमिळनाडूत कूवागम येथील कूत्तांडवर मंदिरात दर चैत्रात, म्हणजे तमिळ चित्तिरै महिन्यात, हजारो तिरुनंगै जमतात. तिरुनंगै हा पारलिंगी स्त्रियांसाठीचा तमिळ शब्द. संस्कृत महाभारतात अर्जुन आणि उलूपी यांचा पुत्र इरावान युद्धात अलंबुषाकडून मारला जातो. तमिळ परंपरेत हाच अरवान युद्धाआधी कालीला बळी जाण्यास तयार होतो, मरण्यापूर्वी त्याला विवाह हवा असतो, एका रात्रीच्या नवऱ्याला कोणी मुलगी देत नाही, आणि शेवटी कृष्ण मोहिनी होऊन त्याच्याशी लग्न लावतो. तिरुनंगै पुजाऱ्याच्या हातून गळ्यात ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधून घेतात आणि अरवानाचा वध झाला की ताली तोडून, बांगड्या फोडून, पांढरी साडी नेसून आक्रोश करतात. महाराष्ट्राला याहून जवळचे उदाहरण सौंदत्तीच्या यल्लम्माचे. जमदग्नींच्या वधामुळे रेणुकेला वैधव्य आले, त्याची आठवण म्हणून मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे रांडाव पुनवेला, देवीच्या नावाने बांगड्या फुटतात आणि पुढे अहेव पुनवेला ती पुन्हा सवाष्ण होते. कोल्हापूर भागातून जोगतिणींबरोबर जोगतेही, म्हणजे पुरुषदेहाने जन्मून देवीच्या नावाने लुगडे नेसणारे भक्तही, डोक्यावर देवीचा जग घेऊन तेथे जातात.

या दोन्ही उत्सवांकडे सहसा लोकसंस्कृतीचा रंगीत तुकडा म्हणून पाहिले जाते, आणि वृत्तपत्रे कूवागमची सौंदर्यस्पर्धा छापून मोकळी होतात. त्यांतील रडणे नाटकी असते, असाही एक शहाणा आक्षेप घेतला जातो. पण अरवानासाठी छाती पिटणाऱ्या व्यक्तीने वर्षभरात गमावलेली माणसे, एड्सने गेलेली मैत्रीण, रेल्वे रुळांवर सापडलेला चेला, ज्याच्या अंत्यविधीला जाऊ दिले नाही तो प्रियकर, यांच्यासाठी रडायला तिला दुसरी कुठली जाहीर जागा मिळाली होती? देवाच्या वैधव्यात स्वतःचे वैधव्य मिसळता येते, आणि कोणी विचारत नाही की तू त्याची कोण. जोगत्यांच्या परंपरेत दारिद्र्य आणि शोषण किती आहे हे राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ या कादंबरीने मराठी वाचकाला दाखवले आहे, आणि देवाने दिलेल्या जागेची किंमत माणसांकडून वसूल होते हे विसरून चालणार नाही.

मुस्लिम परंपरेत हाच प्रश्न देहाच्या स्पर्शापाशी येऊन थांबतो. मृताला गुस्ल, म्हणजे अंत्यस्नान, मृताच्याच लिंगाच्या व्यक्तीने घालायचे असते. मग ज्याचे लिंग निश्चित सांगता येत नाही अशा ‘खुंसा मुश्किल’ व्यक्तीला स्नान कोणी घालायचे? हनफी शास्त्रकारांनी तेथे पाण्याऐवजी मातीने शुद्धी, म्हणजे तयम्मुम, सुचवले. ही चर्चा कोरडी वाटते, तरी या देहालाही शुद्धी हवीच, हे तिने गृहीत धरले होते. लोकव्यवहार तितका उदार राहिला नाही, म्हणून जून २०१६ मध्ये लाहोरमधील पन्नास मौलवींना फतवा काढून सांगावे लागले की पारलिंगी व्यक्तीचे अंत्यविधी इतर मुसलमानांप्रमाणेच व्हावेत आणि तिला वारसा नाकारणे धर्मबाह्य आहे.

कधी शोक करणेच जिवावर बेतते. ‘रूपबान’ या बांगलादेशातील समलिंगी विषयांवरील नियतकालिकाचे संपादक झुल्हाझ मन्नान आणि त्यांचे सहकारी महबूब रब्बी तनय यांची २५ एप्रिल २०१६ रोजी ढाक्यात घरात घुसून हत्या झाली. त्यांच्या सोबत्यांपैकी अनेकांना लपावे लागले, काहींना देश सोडावा लागला. प्रेताजवळ जाऊन रडणे म्हणजे मारेकऱ्यांना पुढचे नाव देणे होते.

या सर्वावरून मानलेल्या कुटुंबाचे गोडवे गाण्याचा मोह होतो, तो टाळला पाहिजे. गुरूचे घर आश्रय देते तसेच कमाईचा वाटा घेते. चेला दुसऱ्या घरी गेला तर नव्या गुरूने पैसे मोजावे लागतात, आणि दंडाच्या रकमेखाली दबून गेलेल्यांचे अनुभव आत्मकथनांतून आलेले आहेत. शहरी, शिकलेल्या समलिंगी मित्रमंडळांत अनेकदा जात आणि भाषा पाहूनच मैत्री होते. परंतु दोषांमुळे नाते खोटे ठरत असेल तर रक्ताचे एकही कुटुंब खरे ठरणार नाही. तेथे दोष असूनही सुतक कोणी नाकारत नाही.

भारतीय कायदा आज रक्ताचे नाते आणि मानलेले नाते या दोन टोकांमध्ये अडखळतो आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात पारलिंगी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. पण त्यानंतर झालेल्या २०१९ च्या संरक्षण कायद्याने कुटुंबाची व्याख्या रक्त, विवाह आणि कायदेशीर दत्तक या तिहींपुरतीच ठेवली, आणि जन्मघर सांभाळू शकत नसेल तर न्यायालयाने त्या व्यक्तीला पुनर्वसन केंद्रात पाठवावे असे सांगितले. गुरूच्या घराचा त्यात उल्लेखही नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, घरच्यांनी डांबून ठेवलेल्या एका तरुणीच्या प्रकरणात, विवाह हा कुटुंब स्थापण्याचा एकमेव मार्ग नाही असे म्हणून मानलेल्या कुटुंबाची संकल्पना मान्य केली. एका उच्च न्यायालयाचे हे शब्द मोलाचे आहेत, पण शवागाराच्या खिडकीपाशी बसलेला कारकून निकालपत्र वाचत नाही. तो नाते विचारतो आणि आधार कार्ड मागतो.

त्या खिडकीसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यांना पत्र लिहिले. समलिंगी जोडीदाराला मृतदेहाचा ताबा मागता यावा असे त्यात सुचवले आहे, मात्र जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हाच. वीस वर्षे एका ताटात जेवलेल्या माणसाचा हक्क अजून त्याच्या स्वतःच्या पायावर उभा नाही. ज्यांनी कधीकाळी घडा लवंडला होता ते आले नाहीत तरच तो सुरू होतो.